रतिबाचा हिशोब करणारी खिडकी

पहिला डेस्कटॉप प्रोग्रॅम म्हणून बहुतेक जण कॅल्क्युलेटर करायला घेतात. सोळा-सतरा बटणे मांडण्यातच दोन संध्याकाळी जातात आणि शेवटी हाती येते ते फोनमध्ये आधीपासूनच असते. त्यापेक्षा घरच्या दुधाच्या रतिबाचे बिल काढणारा प्रोग्रॅम घ्यावा. पाच रकाने, एक बटण, एक उत्तर. गेल्या महिन्याचे बिल दूधवाल्याने दिलेले असते, खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडलेले असतात. म्हणजे बरोबर उत्तर काय, ते एकही ओळ लिहायच्या आधी माहीत असते. नवशिक्याला प्रोग्रॅम चालला की तो बरोबर आहे असेच वाटते. चालतो पण चुकतो, असा प्रोग्रॅम ओळखायला कागदावरचे उत्तर शेजारी लागते.

आमचा हिशोब असा होता: जून महिना, ३० दिवस. रोज दीड लिटर, २ खाडे, एका दिवशी पाहुणे आले म्हणून १ लिटर जादा, दर लिटरला ६६ रुपये. २८ दिवसांचे दीड लिटरप्रमाणे ४२ लिटर, जादा १ धरून ४३, आणि ४३ गुणिले ६६ म्हणजे २८३८ रुपये. हा आकडा वहीवर लिहून ठेवला. पुढचे प्रत्येक पाऊल याच आकड्याशी ताडून पाहिले.

भाषा पायथन आणि खिडकी बनवायला टीकिंटर. सी-शार्पमध्ये खिडकी माउसने ओढून मांडता येते, ते सोयीचे आहे. पण त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ उतरवायला काही जीबी लागतात आणि पहिल्याच प्रकल्पात न समजणाऱ्या बऱ्याच फाइली आपोआप तयार होतात. टीकिंटर विंडोजवर पायथनच्या इन्स्टॉलरमधूनच येते आणि आपला सगळा प्रोग्रॅम एका फाइलीत साठ-सत्तर ओळींत मावतो. रूप थोडे जुन्या वळणाचे आहे, पण शिकायला त्याने काही अडत नाही. उबुंटूवर मात्र टीकिंटरचे पॅकेज वेगळे बसवावे लागते, आणि तिथे टीकिंटरच्या मुळाशी असलेल्या टी-केच्या ८.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नाहीत. मराठी लेबले हवी असतील तर पहिला प्रोग्रॅम विंडोजवर करावा.

टी-के म्हणजे जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीच्या विद्यापीठात असताना टीसीएल या भाषेसाठी बनवलेला खिडक्या-बटणांचा संच. पायथन तोच वापरते. हे आधी सांगायचे कारण एवढेच, की पुढे एररमध्ये मधूनच टीसीएलएरर असे नाव दिसते आणि आपण पायथन लिहीत असताना हे दुसरेच काय, असा गोंधळ होतो.

पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरचा विंडोज इन्स्टॉलर चालवला की पहिल्याच पडद्यावर खाली पाथमध्ये (विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधते त्या पत्त्यांच्या यादीत) जोडण्याची चौकट असते. तिच्यावर टिक नसते, ती करावी लागते. ती राहून गेली तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पायथन असे टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते आणि इन्स्टॉल झालेच नाही असे वाटते. इन्स्टॉल झालेले असते, विंडोजला पत्ता माहीत नसतो इतकेच. अशा वेळी नुसते ‘पी-वाय’ ही दोन अक्षरे टाइप करून पाहावीत. तो छोटा लाँचर बहुधा पायथन शोधून देतो. घरात विंडोज ७ चा जुना संगणक असेल तर पायथन ३.८ च्या पुढची आवृत्ती त्यावर चालत नाही. या प्रोग्रॅमसाठी ३.८ पुरते.

लिहायला आयडल (कोड लिहिण्याचा साधा संपादक) घेतले, तेही पायथनबरोबरच येते. ते उघडल्यावर तीन टोकदार कंस दिसतात ती शेलची खिडकी. तिथे लिहिलेली ओळ लगेच चालते आणि जतन होत नाही. प्रोग्रॅम लिहायचा तो फाइल मेनूतून नवी फाइल उघडून, जतन करून, एफ५ दाबून. फाइलीला दूध-बिल असे काहीतरी रोमन अक्षरांत नाव द्यावे, पण टीकिंटर हे नाव चुकूनही देऊ नये. तसे केले की पायथन मूळ टीकिंटर सोडून आपलीच फाइल त्या नावाने आयात करते आणि ‘टीकिंटरमध्ये टी-के नावाचे काही नाही’ असा एरर येतो. इतक्या साध्या कारणासाठी लोक पायथन काढून पुन्हा बसवतात. फाइलीचे नाव बदलले की काम होते.

खिडकी उभी करायला तीन ओळी लागतात. पहिल्या ओळीत टीकिंटर आयात करायचे, दुसऱ्या ओळीत टी-के हा वर्ग (क्लास) बोलावून खिडकी तयार करायची आणि तिला एक नाव द्यायचे, शेवटच्या ओळीत त्या खिडकीचे मेनलूप चालवायचे. वर्गाच्या नावात टी मोठा आणि के लहान; पायथनला मोठ्या-लहान अक्षरांचा फरक कळतो.

मेनलूपवर थोडे थांबायला हवे, कारण डेस्कटॉप प्रोग्रॅमचे सगळे वेगळेपण तिथे आहे. तोपर्यंत लिहिलेले प्रोग्रॅम वरून खाली चालतात: एक प्रश्न विचारला, उत्तर घेतले, दुसरा प्रश्न, छापले, संपले. क्रम प्रोग्रॅम ठरवतो. खिडकीत क्रम वापरणारा ठरवतो. तो आधी दर भरेल, मग खाडे, मग मधेच चहाला उठून जाईल. मेनलूप म्हणजे प्रोग्रॅमचे वाट पाहत बसणे: कळ दाबली का, माउस हलला का, खिडकी मोठी केली का, हे ते सतत पाहते आणि त्या-त्या प्रसंगासाठी आपण नेमून ठेवलेले फंक्शन चालवते. आपण लिहितो ती आधी खिडकीची मांडणी आणि मग ‘असे झाले तर हे कर’ अशा नेमणुका.

इथे आयडलचा एक फसवा स्वभाव आहे. मेनलूपची ओळ विसरली तरी आयडलमधून चालवल्यावर खिडकी व्यवस्थित दिसते, कारण आयडल स्वतःच टीकिंटरमध्ये लिहिलेले आहे आणि आपल्या वतीने प्रसंग हाताळत राहते. तीच फाइल फोल्डरमधून डबल क्लिक केली की खिडकी क्षणभर चमकून नाहीशी होते. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक बदल दोन्ही प्रकारे चालवून पाहावा.

मग मांडणी. डावीकडे लेबल, उजवीकडे भरायची चौकट, अशा पाच जोड्या: दिवस, रोजचे लिटर, खाडे, कमी-जास्त, दर. मांडणीसाठी ग्रिड वापरले. ओळ आणि स्तंभ यांची मोजणी शून्यापासून. प्रत्येक वस्तूभोवती ६ पिक्सेलची मोकळी जागा ठेवली, नाहीतर सगळे एकमेकांना चिकटते. खिडकीचा आकार मात्र आकड्यांनी ठरवू नये. आपल्या पडद्यावर नेमकी बसलेली खिडकी दुसऱ्याच्या मोठ्या फाँटवर शेवटचे बटण कापते. आकार न दिल्यास टी-के आतल्या वस्तूंप्रमाणे खिडकी बेतते.

दिवसांचा रकाना का ठेवला, महिन्यावरून प्रोग्रॅमला दिवस मोजता येत नाहीत का, असा प्रश्न येईल. येतात, पायथनच्या कॅलेंडर मॉड्यूलमध्ये त्याची सोय आहे. पण दुधाचा दर महिन्याच्या मधेच वाढतो. ११ तारखेपासून ६८ झाला तर १० दिवसांचे एक बिल आणि २० दिवसांचे दुसरे, असे दोनदा काढून बेरीज करता येते, ती दिवस हाताने भरता येतात म्हणून. ‘कमी-जास्त’ या रकान्याचेही तसेच. एखाद्या दिवशी दीडऐवजी एकच लिटर घेतले तर तो खाडा होत नाही. तिथे उणे अर्धा भरायचा. रकाने ठरवताना संगणकाच्या सोयीपेक्षा कॅलेंडरवर काय-काय लिहिले जाते ते पाहावे.

मांडणीत दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे चौकट तयार करणे आणि ती ग्रिडमध्ये बसवणे हे एकाच ओळीत करून तिला नाव देणे. ग्रिड काहीच परत देत नाही, म्हणून त्या नावात चौकट न जाता ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, जाते. खिडकीत चौकट दिसते, टाइपही करता येते, आणि बटण दाबल्यावर ‘नन-टाइपमध्ये गेट नाही’ असा एरर येतो. चूक झाली मांडणीच्या ओळीत, एरर दाखवला हिशोबाच्या ओळीत. म्हणून शोधायला वेळ जातो. एका ओळीत तयार करून नाव द्यावे, पुढच्या ओळीत बसवावे. दुसरी चूक म्हणजे काही वस्तू ग्रिडने आणि काही पॅक या दुसऱ्या मांडणी-पद्धतीने एकाच खिडकीत बसवणे. निरनिराळ्या ठिकाणची उदाहरणे जोडली की हे होतेच. त्यावर टीसीएलएरर येतो: इथे आधीच दुसऱ्या पद्धतीची मांडणी आहे. एका खिडकीत, किंवा एका फ्रेममध्ये, एकच पद्धत.

उदाहरणे नकलून घेताना आणखी एक गोष्ट त्रास देते. व्हॉट्सअॅप किंवा वर्डमधून आलेल्या कोडमध्ये अवतरणचिन्हे वाकडी झालेली असतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पायथन मात्र ‘अवैध चिन्ह’ म्हणून थांबते. ती चिन्हे खोडून कीबोर्डवरून पुन्हा टाइप करावीत. ओळीच्या सुरुवातीची जागा चार स्पेसची ठेवावी आणि तिच्यात टॅब मिसळू नये.

बटणाला फंक्शन नेमताना कमांड या पर्यायात फंक्शनचे फक्त नाव द्यायचे, पुढे कंस लावायचा नाही. कंस लावला की ते फंक्शन बटण तयार होतानाच एकदा चालते, तेव्हा रकाने रिकामे असतात, आणि नंतर बटण कितीही दाबले तरी काही होत नाही. नाव म्हणजे ‘कोणाला बोलवायचे’ आणि कंस म्हणजे ‘आत्ताच बोलाव’. मेनलूपचे वाट पाहणे समजले असेल तर हेही पटकन समजते. नसेल तर हा कंस वारंवार चुकतो.

आता हिशोब. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचे नाव देवनागरीत चालते, त्यामुळे

लिटर = (दिवस - खाडे) * रोज + जादा
बिल = लिटर * दर

या दोन ओळी (जादा म्हणजे कमी-जास्तचा आकडा) आहेत तशा चालू शकतात. पण ‘डेफ’, ‘इफ’, ‘रिटर्न’ हे शब्द रोमनमध्येच लिहावे लागतात आणि दर ओळीला कीबोर्ड बदलत बसावे लागते, म्हणून माझे मत असे की नावे मराठीच ठेवावीत, फक्त रोमन अक्षरांत लिहावीत. ‘व्हॅल्यू-१’, ‘व्हॅल्यू-२’ अशा नावांपेक्षा खाडे आणि दर ही नावे महिन्याभराने उघडल्यावरही समजतात.

त्या दोन ओळी मात्र अजून चालणार नाहीत, कारण चौकटीतून गेटने जे मिळते ते मजकूर असते, संख्या नसते. ‘३०’ वजा ‘२’ केले की टाइपएरर येतो, ते बरे. चूक लगेच कळते. वाईट आहे ती बेरीज. एका दिवसाचे दूध काढताना कोणी रोजचे दीड लिटर आणि जादा एक लिटर हे मजकूरच असताना जोडले आणि संख्येत रूपांतर नंतर केले, तर ‘१.५’ आणि ‘१’ चिकटून ‘१.५१’ होते. ही संख्या दिसायला अगदी खरी आहे. एरर नाही, बिलही येते, फक्त २.५ लिटरच्या जागी १.५१ लिटरचे. वहीवरचा २८३८ हा आकडा अशा वेळी उपयोगी पडतो. रूपांतर चौकटीतून मजकूर घेतल्याघेतल्या त्याच ओळीत करावे.

कशात रूपांतर करायचे? सगळीकडे फ्लोट, म्हणजे पायथनचा अपूर्णांकांचा प्रकार, सांगितलेला असतो. पण फ्लोट दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो आणि ०.१ अधिक ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे देतो. लोक त्यावर उपाय म्हणून राउंड लावतात, तिथे दुसरी अडचण येते. पायथनचे राउंड नेमका अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जाते. दर ६६.५० असेल तर ४१ लिटरचे २७२६.५० होतात आणि राउंड त्याचे २७२६ करते. ४३ लिटरचे २८५९.५० होतात आणि त्याचे २८६० करते. एकदा खाली, एकदा वर. दूधवाला दोन्ही वेळा वर जातो. सांख्यिकीत या पद्धतीला कारण आहे, घरच्या बिलात ती भांडण लावते. म्हणून पैशासाठी डेसिमल मॉड्यूल घ्यावे. त्यातल्या क्वांटाइझला ‘राउंड-हाफ-अप’ हा पर्याय दिला की अर्धा नेहमी वर जातो. डेसिमलला चौकटीतला मजकूर थेट द्यावा. मधे फ्लोट केला तर फ्लोटची चूक तशीच डेसिमलमध्ये उतरते.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी फार सोयीची आहे. इंट (पूर्णांक), फ्लोट आणि डेसिमल या तिघांनाही देवनागरी अंक समजतात. आजीने चौकटीत मराठी कीबोर्डवरून ‘१.५’ भरले तरी पायथन ते दीडच धरते, त्यासाठी एकही जादा ओळ लिहावी लागत नाही. फक्त कोडच्या आत संख्या देवनागरीत लिहिलेली चालत नाही, तिथे अवैध चिन्हाचा एरर येतो. उत्तर देवनागरी अंकांत दाखवायचे असेल तर दहा रोमन अंक आणि दहा देवनागरी अंक यांचे कोष्टक मेकट्रान्सने करून ट्रान्सलेट लावायचे. दोन ओळींचे काम आहे.

उत्तर दाखवताना सुरुवातीला प्रत्येक क्लिकला नवे लेबल तयार केले जाते. ग्रिडच्या एकाच घरात ती एकावर एक बसतात आणि आधीचे मोठे उत्तर नव्या लहान उत्तरामागून डोकावते. लेबल एकदाच, फंक्शनच्या बाहेर तयार करावे आणि फंक्शनमध्ये कॉन्फिगने त्याचा मजकूर बदलावा. फाँट ‘निर्मला यूआय’ १२ ठेवला. विंडोज ८ पासून तो संगणकात असतो आणि त्यात मराठी स्वच्छ दिसते; विंडोज ७ वर मंगल घ्यावा.

इथपर्यंत आल्यावर २८३८ आले. मग मुद्दाम चुकीचे भरायला सुरुवात केली, आणि हा भाग लिहिण्याइतकाच वेळ घेतो. खाड्याचा रकाना रिकामा. दराच्या जागी ‘६६ रु’. लिटरच्या जागी ‘दीड’. खाडे ३१ आणि दिवस ३०. शेवटच्यात एररही येत नाही. जादा शून्य असेल तर बिल उणे ९९ रुपये येते, म्हणजे दूधवाल्यानेच आपल्याला पैसे द्यायचे.

बाकीच्यांत एरर येतो, पण तो खिडकीत दिसत नाही. टीकिंटर नेमलेल्या फंक्शनमधला एरर मागच्या काळ्या खिडकीत किंवा आयडलच्या शेलमध्ये छापते आणि मेनलूप पुढे चालूच ठेवते. वापरणाऱ्याला फक्त बटण दाबून काही झाले नाही, इतकेच दिसते. त्याहून वाईट म्हणजे जुने उत्तर तसेच राहते आणि तेच नवे समजले जाते. म्हणून फंक्शनच्या पहिल्या ओळीत उत्तराचे लेबल रिकामे करावे, मग रूपांतर ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे एरर आला तर काय करायचे ते सांगणाऱ्या रचनेत, घालावे. इथे डेसिमलचा एक काटा आहे: चुकीच्या मजकुरावर तो व्हॅल्यूएरर देत नाही, ‘इनव्हॅलिड-ऑपरेशन’ हा स्वतःचा एरर देतो. फ्लोटच्या उदाहरणावरून उचललेले ‘एक्सेप्ट व्हॅल्यूएरर’ त्याला पकडत नाही. डेसिमलमधून ते नाव आयात करून तेच पकडायचे. पकडण्याच्या आळसाने नुसते ‘एक्सेप्ट’ लिहू नये, कारण मग व्हेरिएबलच्या नावातली आपली स्वतःची चूकही ‘आकडा नीट भरा’ या संदेशाखाली लपते.

संदेशही नेमका हवा. ‘एरर’ असे लिहिण्यापेक्षा ‘दराच्या रकान्यात फक्त आकडा भरा’ असे लिहावे आणि फोकस-सेट वापरून कर्सर त्याच चौकटीत न्यावा. त्यासाठी पाच रूपांतरे एकाच ट्रायमध्ये न घालता एक छोटे फंक्शन केले: चौकट आणि तिचे नाव घ्यायचे, आकडा द्यायचा. कमी-जास्तचा रकाना रिकामा असेल तर शून्य धरला, कारण बहुतेक महिन्यांत तिथे काही नसतेच. बाकी रकाने रिकामे चालू दिले नाहीत. उणे आकडा फक्त कमी-जास्तमध्ये. खाडे दिवसांपेक्षा जास्त असतील तर तिथेच थांबवले.

एंटर दाबल्यावरही बिल यावे म्हणून खिडकीला रिटर्न ही कळ बाइंडने जोडली आणि नवा एरर आला: फंक्शन शून्य गोष्टी घेते, एक दिली गेली. बटण आपल्या फंक्शनला काहीच देत नाही, बाइंड मात्र कोणती कळ, कुठे, केव्हा अशी माहिती असलेला इव्हेंट देते. फंक्शनच्या कंसात इव्हेंट हे नाव लिहून त्याची मूळ किंमत नन ठेवली की दोन्ही मार्गांनी ते चालते.

मग बिल जतन करायचे. सीएसव्ही फाइल पुरते: तारीख, दिवस, लिटर, दर, बिल. फाइल ‘ए’ या रीतीने उघडायची म्हणजे नवी ओळ शेवटी जोडली जाते. ‘डब्ल्यू’ने उघडली तर दर वेळी आधीचे सगळे पुसले जाते. एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्यावे. नुसते यूटीएफ-८ दिले तर एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडल्यावर मराठी शीर्षके निरर्थक चिन्हांत दिसतात, कारण एक्सेलला फाइल कोणत्या पद्धतीची आहे हे कळत नाही. सिगमुळे फाइलीच्या सुरुवातीला तशी खूण बसते. न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्यावी, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते. फाइलीत आकडे रोमन अंकांतच लिहावेत, वर्षाअखेर बेरीज करायची असते. आणि ती फाइल एक्सेलमध्ये उघडी असताना जतनचे बटण दाबले की परमिशनएरर येतो. हे वापरणाऱ्याकडून नक्की होणार, म्हणून ‘एक्सेलमधली फाइल बंद करा’ असा संदेश त्यासाठी ठेवला.

फाइलीचा पूर्ण पत्ता लिहिताना सी ड्राइव्हपासून यूझर्स फोल्डरचा पत्ता साध्या अवतरणात दिला तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. उलटी तिरपी रेघ आणि तिच्यापुढचा मोठा यू मिळून पायथनला तो युनिकोड चिन्हाचा संकेत वाटतो. पत्ता हाताने लिहूच नये. पाथलिबमधल्या पाथ-होमने वापरणाऱ्याचे मुख्य फोल्डर मिळते, त्यात दूध नावाचे फोल्डर प्रोग्रॅमनेच तयार करावे. नुसते फाइलीचे नाव दिले तर प्रोग्रॅम जिथून सुरू केला तिथे फाइल बनते आणि दोन महिन्यांनी दोन ठिकाणी दोन वह्या सापडतात.

काळी खिडकी नको म्हणून फाइलीचे शेपूट पी-वाय ऐवजी पी-वाय-डब्ल्यू करता येते. ते अगदी शेवटी करावे, कारण काळ्या खिडकीबरोबर एररही दिसेनासे होतात.

ज्याच्या संगणकावर पायथन नाही त्याला द्यायचे तर पाय-इन्स्टॉलर, म्हणजे प्रोग्रॅम आणि पायथन एकत्र बांधून देणारे साधन. पिप या पायथनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने ते बसवायचे आणि कमांड ओळखली गेली नाही तर ‘पी-वाय, वजा एम, पाय-इन्स्टॉलर’ या मार्गाने चालवायचे. त्यात पी आणि आय मोठे. विंडोड हा पर्याय दिला की काळी खिडकी येत नाही. तयार प्रोग्रॅम डिस्ट फोल्डरमध्ये सापडतो; शेजारचे बिल्ड फोल्डर कामाचे नसते, पण घाईत तिथलीच फाइल उचलून दुसऱ्याला दिली जाते. वनफाइल पर्यायाने एकच फाइल मिळते, पण ती दर वेळी स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते, म्हणून सुरू व्हायला वेळ लागतो, आणि अँटिव्हायरस अशा फाइलींवर जास्त संशय घेतात. मी वनफाइल टाळतो; पूर्ण फोल्डर झिप करून द्यावा आणि उघडताना आधी झिप सोडवायला सांगावे. विंडोजवर बनवलेली एक्झी विंडोजवरच चालते.

दुसऱ्याच्या संगणकावर पहिल्यांदा उघडताना विंडोज निळ्या चौकटीत इशारा देऊ शकते, कारण फाइलीवर कोणा प्रकाशकाची सही नसते. अधिक माहिती या दुव्यावर क्लिक केल्यावर तरीही चालवा असे बटण येते. ते कोणी दाबायचे हे आधीच सांगून ठेवावे, आणि त्यांच्यासमोर ३०, १.५, २, १, ६६ भरून २८३८ येतात हे दाखवावे. मग जतन करून एक्सेलमध्ये ओळ उघडून पाहावी. पुढे दर बदलाची सोय घालून नवा फोल्डर दिला तरी जुना नि:शंक पुसता येतो. बिलांची वही मुख्य फोल्डरातल्या दूधमध्ये आहे, ती तिथेच राहते.